शून्य जुनी मशिनं

तोंडावर तिला सगळे 'बाई' म्हणत आणि पाठ वळली की 'नन्नाबाई'. ऑफिसात कुणी काहीही नवं सुचवलं, की आधी तिचं "नाही" ऐकून घ्यायची तयारी ठेवावी लागायची, म्हणून हे नाव. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं काडीचंही वाईट वाटत नव्हतं. एकदा चहाच्या टेबलापाशी चाचणी विभागातल्या मुलीच्या तोंडून ते नाव निसटलं आणि बिचारीचा चेहरा खर्रकन उतरला. "घाबरतेस काय?" ती म्हणाली. "नन्नाचा पाढा म्हणायला पाठांतर लागतं. होयबांना तेवढंही लागत नाही." आणि आपला कप उचलून जागेवर जाऊन बसली.

वय चोपन्न. गळ्यात दोरीला अडकवलेले दोन चष्मे, एक पडद्यासाठी, एक माणसांसाठी. वडील कारखान्यात टर्नर होते. मापं घ्यायची तर ढिगातल्या सगळ्यात वाईट तुकड्याची घ्यायची, असा त्यांचा शिरस्ता. चांगले तुकडे कुणीही मोजेल म्हणायचे. तिची नोकरी सुरू झाली ती त्याच कारखान्याच्या ड्रॉइंग खात्यात, नकाशे गिरवण्याच्या कामावर. पुढे खात्यात कॉम्प्युटर आला, शिकायला कुणाला तरी पाठवायचं होतं, आणि एकही पुरुष आपली खुर्ची सोडायला तयार नव्हता. म्हणून हिला पाठवलं. ती शिकून आली आणि तिथून मागे वळून पाहिलं नाही. दोनदा बढती हुकली, दोन्ही वेळेला वरिष्ठांना तोंडावर "हे चालणार नाही" म्हटल्यामुळे, आणि दोन्ही वेळेला ते खरोखरच चाललं नाही. त्याचं श्रेय तिला कुणी दिलं नाही. नवरा शाळेत खेळाचा मास्तर होता, आता निवृत्त होऊन घरचा स्वयंपाक बघायचा, आणि ती दारात आली की विचारायचा, "काय बाईसाहेब, आज किती जणांना नाही म्हणून आलात?"

आता ती ज्या कंपनीत होती तिचा प्रोग्राम कृत्रिम पाय बनवणारे कारागीर वापरत. पाय कापावा लागलेल्या माणसाच्या उरलेल्या पायाचं मोजमाप घ्यायचं, पडद्यावर त्याचं चित्र उभं करायचं, ते चहूबाजूंनी फिरवून बघायचं आणि त्याला दुखणार नाही, खुपणार नाही अशी खोबण बेतायची. खोबण सूतभर चुकली तर माणूस पाय कोपऱ्यात उभा करून पुन्हा कुबडी हातात घेतो. चित्र फिरवायचं म्हणजे पडद्यामागे गुणाकार-बेरजांचा ढीग उपसावा लागतो, आणि ते सगळं गणित एका लायब्ररीत, म्हणजे तयार सूत्रांच्या गाठोड्यात, बांधून ठेवलेलं होतं. त्या लायब्ररीतली सूत्रं दुसऱ्यांनी लिहिलेली. हिच्याकडे होती ती कंपायलरची सेटिंगं.

हे काम कुणाला सांगायला गेलं की समोरचा जांभई द्यायचा, म्हणून तिनं सांगायचंच सोडून दिलं होतं. पण गोष्ट अवघड नाही. माणसांनी लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरला कळेल अशा आज्ञांमध्ये बदलायचं काम कंपायलर करतो. त्याला आधी सांगावं लागतं की बाबा, प्रोसेसर कुठला आहे. नव्या प्रोसेसरला एका दमात आठ आकडे गुणता येतात, जुन्याला चारच. 'नव्यासाठी बनव' असं सेटिंग लावलं की कंपायलर बिनदिक्कत आठवाल्या आज्ञा घालतो. नव्या मशीनवर चित्र भिंगरीसारखं फिरतं. जुन्या मशीनवर तीच आज्ञा आली की ते हळू चालत नाही, कुरकुरत नाही, प्रोग्राम जागच्या जागी मरतो.

बाईनं यावर मधला मार्ग काढला होता. सगळ्यात जड अशी सहा गणितं ती दोन तऱ्हांनी बनवायची, एक नव्यासाठी आणि एक जुन्यासाठी. प्रोग्राम उघडला की लायब्ररी आधी प्रोसेसरला विचारायची, तुला काय काय येतं, आणि उत्तराप्रमाणे वाट धरायची. बाकीची सगळी लायब्ररी सर्वांना झेपेल अशा साध्या आज्ञांत. आणि तिच्या टेबलाखाली एक सोळा वर्षांचं मशीन होतं, सगळे त्याला 'आजोबा' म्हणत. पंखा घरघरायचा, चालू व्हायला चार मिनिटं लागायची. सुरक्षा खात्याच्या नियमाप्रमाणे इतक्या जुन्या मशीनला नेटवर्कची वायर लावायची मनाई होती, त्यामुळे ते बाहेरच्या जगापासून तुटलेलं. प्रत्येक नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी ती बुटक्या स्टुलावर बसून चाळीस मिनिटं ती आजोबांवर चालवायची आणि मग जाड पुठ्ठ्याच्या वहीत लिहायची, 'आजोबांवर चालवून पाहिलं', खाली तारीख आणि सही. ही रीत आधीच्या साहेबांनी घालून दिलेली. त्या सहीशिवाय आवृत्ती बाहेर जात नसे.

मग नवा साहेब आला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पस्तिशीचा, हुशार, वेळेवर येणारा, कुणाचं श्रेय न लाटणारा. मोठ्या मोठ्या हॉस्पिटलांच्या तक्रारी त्याच्या डोक्यावर होत्या, की चित्र फिरवताना अडखळतं. दोन महिन्यांत वेग दाखवा, नाहीतर आम्ही दुसऱ्यांकडे जातो. त्यानं सगळी लायब्ररी चाळून काढली आणि एका सोमवारी बैठकीत पडद्यावर एक तक्ता लावला. वर लिहिलं होतं 'वापरात असलेली मशिनं' आणि सगळ्यात खालच्या ओळीत, 'जुने प्रोसेसर: शून्य'.

"गेल्या दोन महिन्यांत एकाही जुन्या मशीननं नोंद दिलेली नाही," साहेब म्हणाला. "म्हणजे लोकांनी मशिनं बदलली. चांगलंच झालं. मग आता आपण दोन-दोन वाटा कशाला सांभाळायच्या? सगळी लायब्ररी नव्या सेटिंगनं बनवू. चाचण्या निम्म्या होतील. बाई, पुढच्या आवृत्तीत तेवढं करून टाका."

"नाही," ती म्हणाली.

कुणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. साहेबानं हसू आवरलं. "का?"

"कारण हे शून्य खोटं आहे."

"मोजणीदारानं दिलेला आकडा आहे, बाई. माझ्या मनचा नाही."

मोजणीदार म्हणजे मुख्य प्रोग्रामबरोबर जाणारा एक छोटासा प्रोग्राम. तो मागच्या बाजूला गुपचूप चालायचा, चित्र किती वेगानं फिरतंय याची सरासरी काढायचा आणि दिवसातून एकदा कळवायचा, की मी अमुक प्रोसेसरवर आहे, माझं बरं चाललंय. तक्ता त्यावरूनच बनायचा.

"माझी बहीण पाय बनवते. तिच्या केंद्रातलं मशीन चौदा वर्षांचं आहे," ती म्हणाली. "परवाच तिनं त्यावर एका बाईचा पाय बेतला. ते तुमच्या तक्त्यात कुठंय?"

"एखादं सुटलं असेल."

"सुटलं असेल कसं? तुम्ही थोडी म्हणत नाही आहात, तुम्ही शून्य म्हणताय. मला एक जिवंत माहीत आहे. म्हणजे एकतर माझी बहीण खोटं बोलतेय, नाहीतर तुमचा मोजणीदार. बहिणीला मी लहानपणापासून ओळखते."

यावर मात्र सगळेच मोकळेपणानं हसले आणि साहेब लाल झाला. तो म्हणाला, पुढच्या सोमवारी मालक स्वतः बैठकीला येणार आहेत, तोवर नव्या सेटिंगची आवृत्ती तयार हवी. तिची सही नसेल तर तो ती वहीच बंद करेल आणि काम दुसऱ्याकडे देईल. हे त्यानं आवाज न चढवता सांगितलं, म्हणून जास्त झोंबलं. ती जागेवर येऊन बसली तेव्हा राग जास्त होता की भीती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. चोपन्नाव्या वर्षी दुसरी नोकरी कोण देणार होतं?

शनिवारी तिनं बस पकडली आणि बहिणीचं केंद्र गाठलं.

सरकारी दवाखान्याच्या मागच्या आवारात दोन खोल्या. पहिल्या खोलीत चालायचा सराव करायला दोन समांतर दांड्या आणि समोर उभा आरसा. दुसरीत प्लास्टरची पोती, कानशी, आणि फळीवर ओळीनं मांडलेले पाय, प्रत्येकाच्या टाचेवर खडूनं नंबर. सगळ्यावर पांढऱ्या भुकटीचा थर. कॉम्प्युटर तेवढा एका जुन्या चादरीखाली झाकलेला. बाकावर एक गवंडी बसला होता. त्यानं नवा पाय मिळणार म्हणून नवे बूट आणले होते, दोन्ही, डब्यासकट.

"ताई, तू आणि शनिवारी?" बहीण हात पुसत बाहेर आली. "घरी सगळं ठीक ना?"

"घरी ठीक आहे. तुझं मशीन बघायचंय."

"का, काय झालं त्याला? बरं चाललंय की."

"तेच बघायचंय, छोटे. बरं चाललंय तर ते बोलत का नाही."

गवंड्यानं बाकावरून मान लांबवून विचारलं, "मॅडम, कॉम्प्युटरला आजार झालाय का? मग माझा पाय?"

"तुमचा पाय आज होणार. तुम्ही बूट सांभाळा," बहीण म्हणाली.

बाईनं चादर काढली, पडद्याचा चष्मा चढवला आणि मुख्य प्रोग्राम उघडला. सुरळीत उघडला. गवंड्याच्या पायाचं चित्र आलं, सावकाश पण नीट फिरलं. मग तिनं मोजणीदार शोधला. तो यादीत होता, पण चालू नव्हता. तिनं आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडून तो हातानं चालवला. पापणी लवायच्या आत तो बंद पडला आणि एक ओळ उमटली, जिचा अर्थ एवढाच, की बेकायदा आज्ञा.

तिनं पुन्हा चालवला. पुन्हा तेच.

तिला हसू फुटलं, चांगलं मोठ्यानं. बहीण दचकून बघायला लागली. "अगं, मेलाय तो!" ती म्हणाली. "जुन्या मशिनांची शिरगणती करायला पाठवलेला माणूस जुन्या मशीनच्या उंबऱ्यातच मरून पडतोय. निरोप द्यायला कोण उरतंय? आणि साहेब तिकडे तक्ता दाखवतोय, निरोप आला नाही म्हणजे घरात कुणी नाही!"

"मग मला कसं कळलं नाही?"

"तुला कशाला कळेल? तुझं काम अडलंच नाही. मोजणीदार तुझ्यासाठी नाहीच, तो आमच्यासाठी."

म्हणजे कुणीतरी मोजणीदार नव्या प्रोसेसरच्या सेटिंगनं बनवला होता. आता या 'कुणीतरी'ला सोमवारी मालकांसमोर उभं करायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिनं पिशवीतून आपला लॅपटॉप काढला, तिथूनच ऑफिसच्या फाइली उघडल्या आणि मोजणीदाराच्या सेटिंगची फाइल बघितली. आत एक ओळ होती: जे मशीन हे बनवतंय, त्याच्याच प्रोसेसरसाठी बनव. ओळीच्या वर टीप होती: 'तात्पुरतं'. टिपेखाली नऊ वर्षांपूर्वीची तारीख आणि तिचं स्वतःचं नाव.

तिनं ती टीप पुन्हा एकदा वाचली.

सगळं लख्ख आठवलं. तेव्हा घाई होती, आणि बनवणारं मशीनच जुनं होतं, त्यामुळे 'त्याच्याच प्रोसेसरसाठी' म्हणजे जुन्यासाठीच होत होतं. नऊ वर्षं ती ओळ कुणाच्या केसालाही धक्का न लावता बसून राहिली. दोन महिन्यांपूर्वी बनवणारं मशीन बदललं, नवं कोरं आलं, आणि तीच ओळ, एक अक्षर न बदलता, नव्यासाठी बनवायला लागली. त्या आवृत्तीवर सही कुणाची? तिचीच. आजोबांवर चालवून पाहिलं, असं तिनं वहीत लिहिलं होतं, आणि मुख्य प्रोग्राम चालवून पाहिलाही होता. मोजणीदार पाहिला नव्हता, कारण आजोबांना नेटवर्कची वायर नाही आणि वायर नसली की मोजणीदार सुरूच होत नाही. इतक्या वर्षांत हे एकदाही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. सगळ्यांना वहीचा धाक दाखवत फिरणारी ती, आणि त्या वहीत तिनं अर्धंच खरं लिहून ठेवलं होतं.

बहिणीला सगळं कळलं नाही, पण चेहरा कळला. तिनं स्टूल पुढे ओढलं. "तुझीच चूक निघाली ना?"

"माझीच."

"मग गुपचूप दुरुस्त कर. एक ओळ तर आहे."

मोह झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. एक ओळ बदलायची, मोजणीदार पुढच्या आवृत्तीत आपोआप सुधारून जाईल, आणि आकडे परत यायला लागले की आपण काखा वर करायच्या. पण पुढची आवृत्ती म्हणजे साहेबाच्या नव्या सेटिंगची आवृत्ती. सुधारलेला मोजणीदार पोचायच्या आत मुख्य प्रोग्रामच मेलेला असेल. आणि ते थांबवायचं तर शून्य खोटं का आहे हे सांगावं लागेल, आणि ते सांगायचं तर आपलं नाव घ्यावं लागेल. दुसरी वाट नव्हती.

"मला काढतील, छोटे."

"काढू देत. इथे ये. कानस चालवायला शिकवते." बहीण उठली. "पण आधी सरक जरा, या भाऊंची खोबण राहिलीये."

बाई दुपारभर तिथेच बसून राहिली. तिनं बहिणीला चित्र फिरवताना बघितलं, खोबणीची कड एका ठिकाणी जराशी सैल करताना बघितलं. इतकी वर्षं ती ज्या गणितांची राखण करत होती, ती कुठे लागतात हे तिनं इतक्या जवळून कधी बघितलंच नव्हतं. बसमध्ये बसेपर्यंत तिची लाज गेली नव्हती, पण भीती मात्र गेली होती.

सोमवारी मालक आले. थकलेले, कमी बोलणारे गृहस्थ. साहेबानं तक्ता लावला, शून्य दाखवलं आणि विचारलं, "बाई, आवृत्ती तयार आहे?"

"नाही," ती उभी राहून म्हणाली. "आणि होणारही नाही. दोन महिने जुन्या मशिनांकडून नोंद येत नाहीये, कारण आपला मोजणीदार त्यांच्यावर सुरू होताच मरतो. तो चुकीच्या सेटिंगनं बनलाय. ती ओळ मी लिहिली, नऊ वर्षांपूर्वी. 'तात्पुरतं' असंही मीच लिहिलं. त्या आवृत्तीवर सहीसुद्धा माझीच आहे." तिनं वही उघडून टेबलाच्या मधोमध ठेवली. "बघून घ्या."

साहेबानं वही ओढून घेतली आणि सही वाचली. मग साहेब सावकाश म्हणाला, "म्हणजे चूक तुमची."

"शंभर टक्के माझी."

"आणि तरी तुम्हीच मला 'नाही' म्हणताय?"

"म्हणतेय! चूक मी केली, तर शिक्षा मला द्या. पगार कापा, वही काढून घ्या, उद्यापासून येऊ नका म्हणा. त्यांची मशिनं का मारताय? त्यांनी काय केलंय? ती दोन महिने रोज चालतायत, आणि आपण त्यांना मेलेली धरून त्यांच्यावर माती लोटायला निघालोय. माझ्या चुकीचा फायदा घेऊन!"

"बाई, आवाज—"

"आवाज चढणारच. तुम्हाला वेग हवाय ना? तोही मोजलाय मी. जड सहा गणितं आधीच नव्या वाटेनं जातात. सगळी लायब्ररी नव्यानं बनवून वर मिळतात तीन टक्के. तीन! चित्र अडखळतं ते पडद्यावर रंगवताना, गणितात नाही. ते दुसऱ्याच टेबलाचं काम आहे, आणि त्या टेबलाला तुम्ही अजून हात लावलेला नाही."

साहेब त्या टेबलाच्या माणसाकडे बघायला लागला. तो माणूस जमिनीकडे बघायला लागला.

मालकांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मोजणीदार सुधारून पाठवायला किती वेळ?"

"सुधारलाय. चाचणीवालीनं सकाळी आठ वाजल्यापासून आजोबांवर बसून तपासलाय, वायर लागल्याचं सोंग करून. नव्या आवृत्तीशिवाय एकटा पाठवायला तुमची परवानगी हवी, मग मुख्य प्रोग्राम उघडला की तो आपोआप उतरेल."

"पाठवा. उद्या रात्री केंद्रं बंद झाली की सोडा, परवा सकाळी बघू. पन्नासच्या आत आली तर साहेब म्हणतात तसं करायचं, आणि वही द्यायची. कबूल?"

"कबूल नाही," ती म्हणाली. "एक आलं तरी शून्य खोटं. पण पाठवा."

मालक पहिल्यांदाच हसले. कबूल न करताच ठरलं.

ते दोन दिवस तिनं कसे काढले ते नवऱ्यालाच माहीत. त्यानं एकदाही थट्टा केली नाही, यावरूनच प्रकरण किती गंभीर होतं ते कळावं. बोलून तर बसले, पण खरंच वीसच आली तर? लोकांनी खरंच मशिनं बदलली असतील तर? आपण फक्त आपल्या बहिणीसाठी भांडतोय का? तिनं स्वतःला खोदून खोदून विचारलं आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच आलं, की वीस आली तरी ती पुन्हा नाहीच म्हणेल. पन्नासचा आकडा मालकांनी हवेतून काढला होता, तिनं नव्हे.

बुधवारी आठ वाजता सगळे साहेबाच्या खोलीत जमले. मालक खुर्चीत, साहेब पडद्यापाशी, ती दाराला टेकून उभी. तक्ता उघडला. खालच्या ओळीत शून्य.

आठ वाजून बारा मिनिटांनी त्याचं तीन झालं.

"उघडायला लागली केंद्रं," चाचणीवाली पुटपुटली. साडेआठला सतरा. नंतर आकडा काही वेळ हललाच नाही. नऊ वाजता दवाखाने उघडले आणि आकडा धावायलाच लागला. त्रेसष्ट. एकशे दहा. एकशे नव्वद. कुणी मोठ्यानं वाचेना. साडेदहाला ओळीत सहाशे एक्केचाळीस होते. ती दाराला टेकून रडत होती आणि आपण रडतोय याचा तिला रागही येत होता. तिनं दोन्ही चष्मे वर सारले आणि पदरानं डोळे खसाखसा पुसले.

साहेबानं पडद्यावरची एकूण बेरीज बघितली. मग तो जे म्हणाला ते त्याच्या बाजूनं बरोबरच होतं. "आकडा माझा चुकला, मान्य. पण एकूण मशिनं साडेआठ हजार आहेत. ही आठ टक्केसुद्धा नाहीत. कधी ना कधी निर्णय घ्यावाच लागेल. कुठलीही कंपनी आठ टक्क्यांसाठी—"

"टक्के नका सांगू," ती म्हणाली. ती पुढे आली आणि टेबलावरचा फोन आणि नुकतीच छापून काढलेली जुन्या मशिनांची यादी तिनं त्याच्यासमोर ठेवली. "निर्णय घ्यायचाय ना? घ्या. केंद्राचा फोन नंबर प्रत्येक ओळीत आहे. कुठलीही एक ओळ तुम्ही निवडा, मी निवडत नाही. फोन लावा आणि तुमच्या तोंडानं सांगा, की पुढच्या महिन्यापासून तुमचं बंद."

साहेबानं मालकांकडे बघितलं. मालक खिडकीबाहेर बघत होते. साहेब भेकड नव्हता. त्यानं मधलीच एक ओळ निवडली, नंबर फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बटण दाबलं.

बराच वेळ वाजल्यावर कुणीतरी उचलला. मागून घासल्याचा आवाज येत होता. "बोला, पटकन बोला," एक पुरुषी आवाज म्हणाला. "हात प्लास्टरमध्ये आहेत. पेशंट एका पायावर उभा आहे."

साहेबानं यादीवरचा नंबर पुन्हा एकदा बघितला.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"आम्ही... प्रोग्रामवाले," साहेब म्हणाला. "प्रोग्राम... नीट चालतोय ना?"

"चालतोय की. जरा हळू आहे, पण काम भागतं. का हो, बंदबिंद करताय का काय?"

साहेबाच्या कपाळावर घाम आला होता. "छे छे," तो म्हणाला. "सहज विचारायला केला. चालू द्या तुमचं."

"बरं बरं. ठेवतो मग, हा माणूस टेकलाय भिंतीला." फोन कट झाला.

साहेबानं रिसीव्हर हातातच धरून ठेवला होता. बाईनं माणसांसाठीचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि यादी त्याच्यापुढे सरकवली.

"हा एक झाला," ती म्हणाली. "सहाशे चाळीस राहिले. पुढचा लावताय?"